भिंत नसलेला तुरुंग आणि शिकवलेला कुत्रा

सांगलीच्या तुरुंगाचा विषय निघाला की जुन्या मंडळींना २४ जुलै १९४३ हा दिवस आठवतो. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले होते. त्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ मात्र असा एक तुरुंग आहे की तिथे उडी मारायला तटच नाही. नाव स्वतंत्रपूर.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी सांगलीत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३९ साली, ही वसाहत उभी राहिली. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हे पोलंडहून आलेले यहुदी अभियंते, इकडे भारतानंद म्हणून ओळखले जात. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना बेड्या न घालता माळावर आणायचे, जमीन कसायला द्यायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचे. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे याच आटपाडी तालुक्यातल्या माणसाची.

हे सांगायचे कारण म्हणजे, कैद्याच्या हाती काहीतरी जिवंत सोपवायचे, या कल्पनेचे आणखी एक रूप आज जगात पाहायला मिळते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या महिला तुरुंगात १९८१ साली पॉलिन क्विन या बाईंनी बेवारस कुत्री कैद्यांकडून शिकवून घ्यायला सुरुवात केली. आश्रयगृहातले कुत्रे बहुधा भेदरलेले असते. माणूस जवळ आला की अंग चोरते, नाहीतर दात दाखवते. असे जनावर कोणी घरी नेत नाही. ते काही आठवडे एका कैद्याच्या सोबतीला राहते. खाणे, फिरवणे, घाण काढणे सगळे त्यानेच करायचे. बसणे, थांबणे, हाक मारल्यावर येणे, दोरी न ओढता चालणे इतके शिकले की त्याला घर मिळते. काही निवडक कुत्र्यांना पुढे अपंगांच्या मदतीसाठी तयार करतात. पडलेली वस्तू उचलून देणे, दिव्याचे बटण दाबणे अशी कामे ती करतात.

यात मारून काही साधत नाही. कुत्र्याने बरोबर केले त्याच क्षणी तुकडा द्यायचा. उशीर झाला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. आवाज चढवला की दोन दिवसांची मेहनत वाया. रागाच्या भरात ज्याच्या हातून गुन्हा घडला, त्याने हे रोज करायचे! अशा तुरुंगांत भांडणे कमी होतात असे म्हणतात. आम्ही ते जरा जपूनच घेतो, कारण या कामासाठी मुळात चांगल्या वर्तणुकीचेच कैदी निवडले जातात.

आता आपल्या घरांतला प्रश्न. कुत्रा म्हटले की आपल्याकडे आधी नापाकीचा विषय निघतो. त्याची लाळ लागली तर धुवावे लागते. हनफी आणि शाफई मसलकांत तपशिलाचा फरक आहे, तो आपल्या आलिमांना विचारावा. पण राखणीसाठी, गुराढोरांसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्येच आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावराने धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. म्हणजे फरक शिकवण्याने पडतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्यामुळे ज्याची मगफिरत झाली, त्याची हदीस तर आपली मुलेही सांगतील. तेव्हा हात धुण्याची गोष्ट वेगळी आणि दगड मारण्याची वेगळी. दुसरीला कुठेच आधार नाही.

सातारा-सांगलीत असे काही करायचे तर जिल्हा कारागृहात जमणे कठीण. देशातल्या तुरुंगांत दर चारांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत. खटला चालू, आज आत, उद्या जामीन. कुत्र्याला कोणावर जीव लावायचा तेच समजणार नाही. शिवाय कोठड्या आधीच गच्च भरलेल्या. आणि आपल्याकडे रस्त्यावरचे कुत्रे आश्रयगृहात कायमचे राहतही नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून त्याला त्याच भागात परत सोडायचे असते. म्हणून पाश्चात्त्य नमुना जसाच्या तसा इथे आणणे आम्हांला व्यर्थ वाटते.

स्वतंत्रपूरची गोष्ट निराळी. तिथला कैदी शिक्षा झालेला, मुक्काम लांबचा, अंगण मोकळे, आणि भोवती माणदेश. इथल्या धनगरांची कुत्री मेंढरांमागे कशी वागतात ते पाहिले म्हणजे शिकवणारे गुरू परदेशातून आणायची गरज नाही हे पटते. शेतमळ्याची राखण करणारे, मुलांवर न धावणारे, लस टोचलेले कुत्रे कोणत्या शेतकऱ्याला नको आहे? अडचण आहे ती खर्चाची: जनावरांचा डॉक्टर, लस, रोजचे खाणे. शिवाय कैद्याची सुटका झाली तर अर्धवट शिकलेले कुत्रे कोणाकडे जायचे, तेही आधी ठरवावे लागेल. तो घरी घेऊन जाणार म्हणाला, तर नेऊ द्यावे असे आमचे मत.