अंगावर कोण गेले?

शिकारकथा म्हटली की अस्वल शिकाऱ्याच्या अंगावर यायचेच, ही आपली जुनी रीत. माझा सवाल एवढाच, की आधी अंगावर कोण गेले?

अस्वलाची नजर अधू. वारुळात तोंड खुपसून ते वाळवी शोषू लागले, की स्वतःच्याच फुरफुराटात त्याला पावलांची चाहूल लागत नाही. माणूस चार हातांवर आला, की ते दचकते. पाठीवर पिले असली, तर माघार कसली? वास घ्यायला ते मागच्या पायांवर उभे राहते आणि आमचे कथाकार लिहितात, 'क्रूर श्वापद!'

वारूळ उकरायची ती नखे माणसाचा चेहरा फाडतात, हे खरे. पण कोणाचा? हाकारा घातला, की बंदूकवाला मचाणावर सुखरूप असे. पायी रान उठवत येई तो मजुरीवरचा गावकरी. नेम चुकून जखमी झालेले अस्वल पुढे गाठी, ते पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाईला. तिची कथा कोणी छापली?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा बंदुका खाली ठेवायला लावल्या. लेखण्या मात्र अजून मचाणावरच आहेत. फराळ करता करता मुलांना अस्वलाची गोष्ट सांगाल, तेव्हा त्या गावकऱ्याची आणि त्या बाईचीही सांगा.