रुग्णवाहिकेतले मूल

कर्नाटक शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली ती १ नोव्हेंबर २००८ रोजी. हाच दिवस सीमाभागातील मराठी जनता १९५६ची आठवण ठेवून काळा दिवस म्हणून पाळीत आली आहे. परंतु आमचे वैर तारखेशी आहे, गाडीशी नाही. खानापूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाडीत अपरात्री मूल धापा टाकू लागले म्हणजे मराठी आईही १०८च लावते, आणि तिने लावावाच. आम्ही विचारतो ते इतकेच, की त्या गाडीतून जो तंत्रज्ञ उतरतो, त्याला मूल हाताळायला किती शिकविले आहे?

मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस, ही समजूत वैद्यकाने केव्हाच टाकून दिली आहे. मोठ्या माणसाचे हृदय एकाएकी थांबते ते बहुधा हृदयाच्याच विकाराने. मुलाचे थांबते ते बहुतेक वेळा आधी श्वास कोंडल्यामुळे. म्हणून मुलाच्या बाबतीत नुसती छाती दाबून भागत नाही. दोघे सेवक असतील तर पंधरा दाबांमागे दोन श्वास द्यावे लागतात. मोठ्यांसाठी हे प्रमाण तीसास दोन असते. तान्ह्याचे डोके धडाच्या मानाने मोठे. त्याला पाठीवर निजविले की मान पुढे वाकते आणि श्वासमार्ग दबतो. खांद्यांखाली टॉवेलची घडी सरकविली की तो मोकळा होतो. या घडीला पैसा पडत नाही, ती ठाऊक मात्र असावी लागते. वर्षाच्या आतल्या मुलाच्या घशात शेंगदाणा अडकून श्वास बंद झाला तर पोट दाबावयाचे नसते. पालथे धरून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीवर पाच दाब, असा क्रम आहे.

रक्ताचा हिशेब याहून फसवा. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे ८०० मिलिलिटर रक्त. पेलाभर सांडले की चतुर्थांश गेले. तरीही रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. यंत्रावरचा आकडा पाहून निर्धास्त बसणारा सेवक गार पडलेले हातपाय पाहावयास विसरतो, आणि वाट अजून अर्धीही सरलेली नसते.

पहिला पोचणारा माणूस जाणता असला तर काय होते, हे कोकणाने पाहिले आहे. लाल विंचवाच्या दंशाने तिकडे मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीने ते मृत्यू कसे टाळता येतात हे दाखवून दिले. पण ती गोळी वेळेवर आणि वजनाच्या मापाने पडली पाहिजे.

शिवाय मूल बोलत नाही, त्याची आई बोलते. ‘डोळे फिरवले’, ‘छाती उडतेय’, ‘सकाळपासून मलूल पडलंय’ हे शब्द ज्याला कळत नाहीत, त्याच्या हातून निम्मे निदान तेथेच निसटते. सीमाभागातील सेवकांना ही पाच-पन्नास मराठी वाक्ये शिकवा, ही मागणी भाषिक अभिनिवेशाची आहे असे ज्याला म्हणावयाचे असेल, त्याने ते त्या आईसमोर उभे राहून म्हणावे.

आता थोडे घरचे. महाराष्ट्राने २०१४मध्ये १०८ सेवा सुरू केली तेव्हा गाडीत डॉक्टर ठेवला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण पदवी निराळी आणि विहिरीतून काढलेल्या मुलाला श्वास देण्याचा हाताचा सराव निराळा. आमच्या तरुण मंडळांच्या रुग्णवाहिकांची कथा तर विचारूच नका. देणगीदारांची नावे हातभर अक्षरांत, आणि आत प्राणवायूचा मास्क एकच, तोही मोठ्या माणसाचा! चालक हाच वैद्य आणि हाच हमाल. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना विनंती करून वर्षातून दोनदा या चालकांचा सराववर्ग मराठीत भरवावयास कोणत्या सरकारची परवानगी लागते? शासनाकडे मागणी करूच. तोवर हे काम मंडळांनी दिवाळीपूर्वी उरकावे. येत्या काळ्या दिनाच्या फेरीमागून जी रुग्णवाहिका चालेल, तिचे दार उघडून लहान मास्क आहे की नाही, हे आम्ही स्वतः पाहणार आहोत.