शांतारामबापूंचा कोरडेपणा

कोल्हापुरात जुन्या चित्रपटांचा विषय निघाला आणि बोलणारी माणसे साठीच्या पलीकडची असली की एक निवाडा हमखास ऐकायला मिळतो: भालजींचा चित्रपट काळजाला भिडतो, शांतारामबापूंचा डोळे दिपवतो. भालजींच्या ‘साधी माणसं’मधल्या लोहाराच्या भात्याजवळची ऊब ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा निवाडा इतका उघड वाटतो की त्याची साक्ष-पुराव्यानिशी फेरतपासणी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही, आणि १९०१ साली याच शहरात जन्मलेल्या, महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत वाढलेल्या या दिग्दर्शकाच्या नावावर, ‘कसबी खरा, पण कोरडा’ असा शेरा आपल्याच गावच्या दप्तरात कायमचा नोंदला जातो. हा शेरा मला फार दिवस डाचत आला आहे.

फिर्याद निराधार आहे असे मी म्हणत नाही. ‘अमृतमंथन’मधल्या राजगुरूचा, चंद्रमोहन यांचा, तो पडदा व्यापून टाकणारा डोळा ज्याने पाहिला आहे त्याला भय वाटते, विस्मय वाटतो, परंतु त्या डोळ्यामागच्या माणसाविषयी काही वाटावे इतकी सवड दिग्दर्शक त्याला देत नाही. प्रत्येक चौकट आधी मोजलेली, प्रत्येक छाया जागच्या जागी बसवलेली आणि बहुतेक कथांच्या तळाशी समाजाला काही सांगण्याचा निश्चय. अशा रचनेत प्रेक्षकाला आपण पाहुणे नसून विद्यार्थी आहोत असे वाटू लागले तर तो दोष सर्वस्वी प्रेक्षकाचा नव्हे.

तथापि ही मोजूनमापून पाहण्याची दृष्टी बापूंनी कोठून उचलली याचा विचार आपण कोल्हापूरकरांनी तरी करायला हवा. ती बाबूराव पेंटरांची. परदेशी यंत्राची वाट न पाहता येथेच स्वतःचा कॅमेरा घडवणारे बाबूराव मुळात चित्रकार होते आणि माणसाचे दुःख त्याच्या तोंडून वदवण्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या उजेडातून आणि वस्तूंतून दाखवावे, हा चित्रकाराचा धर्म त्यांनी पडद्यावर आणला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही, परंतु ज्यांनी तो मूकपट पाहिला त्यांच्या स्मरणात काय राहिले, तर अंधुक प्रकाशातली एक उदास झोपडी आणि तिच्यासमोर विव्हळणारे कुत्रे. शेतकऱ्याची जमीन गेली हे सांगायला त्यांना रडणारा चेहरा लागला नाही. त्या चित्रपटात नागवल्या जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंनी स्वतः केली होती, आणि हा धडा त्यांच्या अंगी किती मुरला होता हे बारा वर्षांनी ‘कुंकू’त दिसून आले.

‘कुंकू’ १९३७ चा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. वयस्कर, बिजवर वकील काकासाहेब. फसवून त्यांच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा. आणि हे लग्न मनाने न स्वीकारण्याचा तिचा हट्ट. करुणरसाचा पाट वाहवायला एवढी सामग्री कोणत्याही दिग्दर्शकाला पुरेशी होती. बापूंनी मात्र या चित्रपटातून पार्श्वसंगीतच हद्दपार केले. ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज, आणि गाणे असलेच तर ते पात्राच्या तोंडचे किंवा समोर दिसणाऱ्या ग्रामोफोनचे. त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक एखाद्या पात्रासारखी त्या घरात वावरते. काकासाहेबांच्या उतरत्या वयाचा हिशेब तेच घड्याळ ठेवते. आणि फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यातून म्हाताऱ्याचाच चेहरा त्याच्याकडे पाहू लागतो, तेव्हा केशवराव दात्यांना आक्रोश करावा लागत नाही. वास्तविक आपला सगळा ओढा नीरेकडे, म्हणजे शांता आपट्यांच्या त्या ताठ मानेकडे असतो. तरीही त्या क्षणी ज्याने अन्याय केला त्याच्यासाठी आपल्या घशाशी आवंढा येतो. अन्यायाची बाजू यत्किंचितही सावरून न धरता अन्याय करणाऱ्याविषयी करुणा उत्पन्न करणे हे हृदयशून्य माणसाचे काम नव्हे. हे त्याला साधते, ज्याला नेमके कोठे थांबावे हे कळते.

माझ्या या म्हणण्यावर सर्वांत बळकट आक्षेप खुद्द बापूंच्या प्रभात फिल्म कंपनीच्याच घरातून येतो. दामले आणि फत्तेलाल हेही बाबूराव पेंटरांचेच शिष्य आणि १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या प्रभातचे बापूंच्या बरोबरीचे भागीदार. त्यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये मूल आजारी पडले म्हणून हातात पायताण घेऊन विठोबाच्या देवळावर चालून जाणारी जिजाई पाहिली की कोणाला छायाप्रकाशाची आठवण राहत नाही. तेथे कॅमेरा आहे हेच मुळी आपण विसरतो. गौरीबाईंची ती जिजाई संतापते, कुरकुरते, मुलांच्या पोटाची काळजी वाहते, आणि त्या खडबडीत संसारातून जी माया पाझरते तिच्यापुढे बापूंचे घड्याळ आणि आरसा क्षणभर योजनापूर्वक मांडलेले वाटतात, हे मला मान्यच केले पाहिजे. मात्र दामले-फत्तेलालांच्या पाठीशी तुकोबा होते, म्हणजे मराठी माणसाच्या घरात तीन शतके नांदलेली भक्ती होती. बापूंनी हाती घेतलेली नीरा किंवा ‘माणूस’मधली वेश्या मैना यांच्या पाठीशी समाजाची सहानुभूती सोडा, साधी दखलही नव्हती. ज्यांच्यासाठी रडण्याची प्रेक्षकाला सवय नाही त्यांच्यासाठी त्याला रडायला लावायचे, तर आधी त्याला नीट पाहायला शिकवावे लागते. ‘माणूस’मधली शांता हुबळीकरांची मैना पोलीस शिपायाच्या आईसमोर उभी राहायला धजत नाही, आपल्या पायाने घर विटाळेल या धास्तीने मागे सरते, त्या प्रसंगात हे शिकवणे फळाला आलेले दिसते.

‘दो आँखें बारह हाथ’विषयीही असेच म्हणता येईल, जरी तेथे उपदेशाचा सूर मला अनेकदा खटकतो. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग औंध संस्थानातला, म्हणजे आपल्या शेजारचा. ती कथा पडद्यासाठी लिहिणारे गदिमा त्याच माणदेशचे. या चित्रपटाला बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळाले हे सगळे सांगतात. मला मात्र आठवतो तो बाजारातला प्रसंग: भाजीचे व्यापारी गुंडांकरवी मार देत असताना एकेकाळचे खुनी, शब्द दिला आहे म्हणून, हात उचलत नाहीत. त्या न उचललेल्या हातांत जी व्यथा आहे ती जेलरच्या सगळ्या उद्गारांत मिळून नाही.

याच चित्रपटाच्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना बापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, आणि दृष्टी परत मिळाल्यावर त्यांनी ‘नवरंग’ काढला. अंधारातून बाहेर आलेल्या माणसाला रंगांची तहान लागावी हे मी समजू शकतो. परंतु खरा कोरडेपणा जर कोठे असेल तर तो मला तेथे, त्या रंगांच्या, कारंज्यांच्या आणि नृत्यांच्या गर्दीत आढळतो. ज्या दिग्दर्शकाने एकेकाळी वाद्यमेळाला दाराबाहेर उभे केले होते त्यानेच आता प्रत्येक भावनेला घुंगरू बांधले. भावनाप्रदर्शन वाढले आणि भावना आटली. गंमत अशी की आमच्या पिढीला बापू कोरडे वाटतात ते पुष्कळ अंशी या उत्तरकाळातल्या चित्रपटांवरून, आणि जबाबदार मात्र धरली जाते ती ‘कुंकू’तली शिस्त.

‘पिंजरा’ हा १९७२ चा, म्हणजे त्यांच्या सत्तरीनंतरचा. त्यात दोन्ही बापू एकाच वेळी भेटतात, हे मी येथे आग्रहाने मांडतो. अनंत माने, शंकर पाटील, जगदीश खेबुडकर अशी कोल्हापूरच्या मातीची माणसे त्याच्या कामात होती. फडावरचे नृत्य आणि दिव्यांची आरास ‘नवरंग’च्या वंशातली. परंतु गाव ज्याचा पुतळा उभारून पुजतो तो मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो आणि खरे सांगून सुटण्याऐवजी गुन्हा पत्करतो, तेव्हा डॉ. श्रीराम लागूंचा चेहरा जवळजवळ हलत नाही. तेथे दिग्दर्शकही हात आवरतो. मास्तरच्या त्यागाचे गोडवे कोणाकडून गाऊन घेत नाही. अगदी उशिरा, ढोलकी आणि टाळ्यांच्या गजरातून वाट काढीत, ‘कुंकू’चा दिग्दर्शक तेथवर परत आलेला मला दिसतो, आणि म्हणूनच गावच्या दप्तरातला तो शेरा निदान या दोन चित्रपटांपुरता तरी रद्द व्हावा अशी माझी मागणी आहे.