सिस्टर, तुमचा नोंदणी क्रमांक?

मसोलीहून रात्री एखाद्या रुग्णाला डहाणूतल्या रुग्णालयात दाखल केले, की पुढचे आठ-दहा तास त्याच्याजवळ डॉक्टरपेक्षा परिचारिकाच अधिक वेळ असते. सलाइन ती लावते, इंजेक्शनचा डोस ती भरते, रक्तदाब ती मोजते आणि काही बिनसले तर डॉक्टरांना फोनही तीच करते. नातेवाईक तिला ‘सिस्टर’ म्हणतात. खरे तर वॉर्डात गणवेश घालून फिरणाऱ्या प्रत्येकीलाच ते ‘सिस्टर’ म्हणतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्या गणवेशात चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग केलेली असते, तीन वर्षांची जीएनएम असते, दोन वर्षांची एएनएम असते. आणि एखाद्या खासगी क्लासचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेली किंवा ‘बघून बघून शिकलेली’ मुलगीही असते. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

हा फरक कुठे कळतो? गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. औषध जीव वाचवणारे, पण प्रत्येक पुढच्या डोसच्या आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : गुडघ्यावर हलके ठोकले तर पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 पेक्षा कमी तर नाही, आणि गेल्या चार तासांत लघवी पुरेशी झाली का. यातले एक जरी बिनसले तर डोस थांबवायचा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. शिकलेल्या परिचारिकेला हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. न शिकलेली ठरलेल्या वेळी ठरलेले इंजेक्शन देऊन मोकळी होते, आणि तिला दोष देता येत नाही, कारण तिला कोणी सांगितलेलेच नसते. दोष तिला तिथे उभी करणाऱ्याचा.

कायदा नाही म्हणून हे चालते, असे नाही. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा 1935 सालीच झाला. पुढे 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा आणि 1966 मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. राज्याच्या परिषदेकडे नोंदवही आहे, नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहे. अलीकडे देशपातळीवर परिचारिकांना स्वतंत्र ओळख क्रमांकही देण्यात आला. पण या साऱ्या नोंदी मुख्यतः परिषदा, महाविद्यालये आणि नोकरी देणारे यांच्याच कामाच्या राहिल्या. खाटेजवळ बसलेल्या नातेवाइकाने मोबाइलवर नाव टाकून खात्री करून घ्यावी, ही सवय ना रुग्णालयांना लागली, ना लोकांना. डॉक्टरची पदवी निदान पाटीवर तरी लिहिलेली असते.

डहाणू-तलासरीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तलासरीपासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. रुग्ण वापी, वलसाड, सिल्वासाला जातात, तसे नोकरीसाठी कर्मचारीही सीमा ओलांडून इकडेतिकडे होतात. नोंदणी मात्र राज्यागणिक वेगळी. एका राज्यात शिकून नोंदणी केलेली परिचारिका दुसऱ्या राज्यात रीतसर नोंद करून काम करते, हे योग्यच. पण एका राज्यात जिच्यावर कारवाई झाली, तिच्याबद्दल हद्दीपलीकडच्या रुग्णालयाला वेळेवर कळेल, याची हमी काय?

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत चार्ल्स कलेन नावाच्या पुरुष परिचारकाने 16 वर्षांत न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया या दोन शेजारी राज्यांतील रुग्णालये एकामागून एक बदलली. संशय आला की त्याला जायला सांगत, आणि पुढच्या रुग्णालयाला काही कळवत नसत. डिसेंबर 2003 मध्ये तो पकडला गेला. पुढे 29 खुनांची कबुली त्याने दिली. त्यानंतर न्यू जर्सीने अशी माहिती कळवणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. आज तिथल्या ‘नर्सिस’ या संकेतस्थळावर परवाना चालू आहे की निलंबित, हे सहभागी राज्यांपुरते कोणालाही विनामूल्य पाहता येते. ब्रिटनची नोंदवहीही अशीच खुली आहे. अर्थात नोंदवही म्हणजे सर्व काही नव्हे. 2023 मध्ये फ्लोरिडातल्या तीन संस्थांनी 7,600 खोट्या पदविका विकल्याचे उघड झाले. मुळातली पदवीच खोटी असेल तर यादी कितीही चकचकीत असली तरी काय उपयोग?

आपल्याकडे 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला. 1947 च्या कायद्याची जागा तो घेणार आहे आणि त्यात ऑनलाइन, सतत अद्ययावत राहणाऱ्या नोंदवहीची तरतूद आहे. त्याच महिन्यात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचाही कायदा आला. हे दोन्ही एकत्र वाचायला हवेत. उपकेंद्रावर एकट्या राहणाऱ्या एएनएमचा पत्ता, मोबाइल क्रमांक किंवा जन्मतारीख कोणालाही दिसण्याचे काही कारण नाही. नाव, नोंदणी क्रमांक, शिक्षण, मुदत आणि सुनावणी होऊन सिद्ध झालेली कारवाई, एवढे पुरे. नुसती तक्रार तिथे येता कामा नये. रात्रपाळीत तीस खाटांना एक परिचारिका ठेवायची आणि चूक झाली की तिचेच नाव जगाला दाखवायचे, असे होणार असेल तर परिचारिका या नोंदवहीला विरोध करतील, आणि तो रास्त असेल.

वास्तविक खुल्या नोंदवहीत त्यांचाच फायदा अधिक आहे. नोंदणीकृत आणि बिनानोंदणीची यांतला फरक कोणी विचारतच नाही, म्हणून तर छोट्या नर्सिंग होममध्ये दोघींना जवळपास सारखाच, म्हणजे कमीच पगार दिला जातो. शिवाय एक खास आपल्याकडची अडचण : नोंद माहेरच्या नावाने आणि छातीवरची पट्टी सासरच्या नावाने. शोधणाऱ्याला नाव सापडले नाही तर खरी परिचारिकाच खोटी ठरायची. म्हणून शोध नावाने नव्हे, क्रमांकाने व्हायला हवा, आणि नाव बदलण्याची नोंद मुंबईला खेटे न घालता पालघरला करता यायला हवी.

त्यासाठी नव्या आयोगाची वाट पाहण्याचेही कारण नाही. 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार नर्सिंग होमना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच भिंतीवर, त्या पाळीला कामावर असलेल्या परिचारिकांचे नोंदणी क्रमांक खडूने लिहायला एक फळा पुरतो.