सोलापुरातल्या लॉजमालकांना जाहीर इशारा : मुदत 31 डिसेंबर

सोलापूर रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपास स्वस्तात खोल्या देणाऱ्या लॉजमालकांना आणि चालकांना या पत्राने कळवतो की, तुमच्यातल्या अनेकांच्या गाद्या-चादरी माणसाने पाठ टेकावी अशा राहिलेल्या नाहीत. 31 डिसेंबरपर्यंत त्या सुधारा. ज्यांच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकामागे चादर बदलते, त्यांनी हा कागद बाजूला ठेवावा. बाकीच्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

ज्या लॉजमुळे हे लिहावे लागले त्याचे नाव इथे घेत नाही. मालकाला वाचताना कळेलच. अक्कलकोटहून स्वामींचे दर्शन करून परतायला उशीर झाला आणि बरोबर वयस्कर आई होती, म्हणून मिळाली ती खोली घेतली. आधारची झेरॉक्स आणि आगाऊ पैसे घेताना काउंटरवर कमालीची तत्परता होती. ती तिथेच संपली. उशीवर तेलाचा डाग, संडासात बादली आहे तर मग नाही, नळाला सूंऽऽ असा नुसता आवाज. गादीच्या शिवणीत काळे ठिपके होते. दिवा मालवून परत लावला तेव्हा ते कशाचे, हेही समजले. चादर बदलून मागितली, तर पोऱ्याने तीच उलटी करून अंथरली. मॅनेजर म्हणाला, ''एका रात्रीचा तर प्रश्न आहे की काका, चालवून घ्या.'' पावती? ''पुस्तक मालकाकडं आहे.''

आणि टॉवेल! हातात धरला तर पलीकडचा दिवा दिसावा इतका विरलेला. मालकहो, हे सोलापूर आहे. इथली चादर आणि इथला टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. घरोघरच्या लग्नात आहेर म्हणून सोलापुरी चादर जाते, इथले टॉवेल परदेशी निर्यात होतात. पूर्व भागात यंत्रमाग खडखडत असतात आणि तुम्ही, त्यांच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, पाहुण्याला चिंधी देता. दुसऱ्या गावचा लॉजवाला माल महाग पडतो म्हणेल. तुम्हाला ते तोंड नाही.

पाण्याची सबब मला ऐकवू नका. उजनीचे पाणी या शहराला रोज मिळत नाही, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण त्याच पाण्यात इथल्या बाया घरच्या चादरी धुतात. तुम्ही खोलीचे भाडे घेता. टँकर आणि धोबी त्यातच आले. सीझनला गर्दी असते, हीसुद्धा सबब नव्हे. गर्दीत भाडे वाढवायला तुम्हाला वेळ मिळतो.

ढेकणांबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त धूळफेक चालते. खोली आठ दिवस बंद ठेवल्याने ढेकूण मरत नाहीत. रक्ताशिवाय ते काही महिने तग धरतात. एकदा फवारणी करून भागत नाही, कारण अंडी त्यातून वाचतात आणि आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांच्या आत दुसरी फवारणी लागते. चादरी-अभ्रे कडक गरम पाण्यात धुवावे लागतात, पलंगाच्या फटी बुजवाव्या लागतात, जुनी गादी टाकून द्यावी लागते. ढेकूण रोग पसरवत नाही, असे म्हणून हसू नका. तो बॅगेत बसून पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर करतो आणि शेवटी भाविकाच्या घरी मुक्कामाला जातो.

आता माझ्या अटी. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला धुतलेली चादर, अभ्रा आणि धड टॉवेल. ढेकणांसाठी दोनदा फवारणी, तारखांसह नोंद. संडासात पाणी आणि मग. काउंटरवर दरफलक. पैसे घेण्याआधी खोली दाखवायची. आणि न मागता पक्की पावती.

पावतीला किरकोळ समजू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चकाचक खोलीचा फोटो मोबाईलवर दाखवून भलतीच खोली देणे ही दिशाभूल आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही. आणि तुम्ही बहुधा विचारात न घेतलेली गोष्ट : ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागू शकतो. नाशिकचा भाविक नाशिकला तक्रार करेल आणि तारखेला तुम्ही गाडी पकडाल. तिथे कुठे उतराल, ते तुमचे तुम्ही पाहा.

गड्ड्याची यात्रा संक्रांतीला आहे. नंदीध्वज पाहायला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसे येतील आणि त्यांतली बरीच तुमच्याच दारात उतरतील. म्हणून मुदत त्याआधीची ठेवली आहे. 1 जानेवारीला मी पुन्हा सोलापुरात असेन आणि खोली मागायला येईन. तोवर काही हलले नसेल, तर त्याच दिवशी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार जाईल, पोच घेऊन. जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज लिहून तयार आहे. फोटो आणि पैसे भरल्याचा मोबाईलवरचा मेसेज त्याला जोडला आहे. मध्यस्थ पाठवू नये. भाडे परत देऊन प्रकरण मिटवण्याचा निरोपही नको. मुदत वाढवून मिळणार नाही.