शाळा चालू असता प्रवासास जावे काय?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यातच आम्हा वर्गशिक्षकांच्या टेबलावर चिठ्ठ्या येऊ लागतात. त्यांतील बहुतेकींचा मजकूर एकच असतो. ‘आम्ही सहकुटुंब बाहेरगावी जात आहोत, सबब माझ्या पाल्यास अमुक दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.’ पूर्वी अशा चिठ्ठ्यांत ताप, पोटदुखी किंवा आजीचे आजारपण असे. अलीकडे पालक खरे कारण लिहितात, ही गोष्ट मला मनापासून आवडते. परंतु खऱ्या चिठ्ठीस खरे उत्तर द्यावयास हवे आणि ते चिठ्ठीच्या पाठीवर दोन ओळींत मावत नाही. म्हणून या वार्षिकाच्या पानांचा आश्रय घेत आहे.

प्रथम प्रवासाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणतो. प्रवास ही चैन आहे, असे मी मानीत नाही. आपले घोटी गाव तर वाटेवरचेच गाव. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता आपल्या दारावरून जातो. थळघाट चढून आगगाडी 1865 साली इगतपुरीस आली, तेव्हापासून गाडीच्या शिट्टीने आपल्या तालुक्याची सकाळ होते. 2025 सालच्या 5 जूनला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा इगतपुरीपासून पुढे खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. असे असूनही समुद्र पाहिलेला नाही अशी मुले माझ्या वर्गात दरवर्षी निघतात. कळसूबाईचे शिखर 1646 मीटर उंच आहे हे ती पाठ म्हणून दाखवितात, पण ते शिखर रोज दिसत असूनही त्यावर चढलेली मुले थोडी. भूगोलाचे पुस्तक वाचून जे कळत नाही ते एका प्रवासात कळते, हे मी वर्गात स्वतःच सांगत असतो. शुभवर्तमानातही बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर सणासाठी यरुशलेमेस गेला आणि तेथे मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत व त्यांस प्रश्न विचारीत असलेला सापडला, अशी कथा आहे. तेव्हा प्रवासातही मुलास गुरू भेटू शकतो, हे मी कसे नाकारू?

दुसरेही एक कारण आहे व ते आपल्या गावापुरते विशेष खरे आहे. घोटी ही भाताची पेठ. दिवाळीच्या सुमारास भाताची सोंगणी होते आणि त्यापुढे कित्येक आठवडे आपल्या भातगिरण्यांस उसंत नसते. ज्या घरची भाकर या गिरण्यांवर, आडतीवर किंवा मालवाहू गाड्यांवर अवलंबून आहे, त्या घरच्या कर्त्यास दिवाळीच्या सुट्टीत गाव सोडता येत नाही. रेल्वेतील नोकर, दवाखान्यातील परिचारिका, पोलिस शिपाई यांस तर सणासुदीलाच अधिक काम पडते. बापाची सुट्टी आणि मुलाची सुट्टी यांची गाठ पडत नाही, ही अडचण खोटी नव्हे.

इतके मान्य केल्यावर आता हिशोब मांडू. वर्षाचे दिवस 365. त्यांतून 52 रविवार गेले. माध्यमिक शाळांच्या संहितेप्रमाणे दीर्घ सुट्ट्या व सण मिळून 76 दिवसांपर्यंत सुट्टी देता येते. म्हणजे 128 दिवस शाळा बंद असू शकते. वर्षाचा तिसरा हिस्सा आणि वर थोडे! शाळेचे कामाचे दिवस किमान 230 भरले पाहिजेत, असा नियम आहे. 2009 सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांस निदान 220 दिवस व 1000 तास अध्यापन ठरविले आहे. याचा अर्थ असा की, ज्या दिवसांत प्रवास करता येईल असे दिवस कमी नाहीत. शिकण्याचे दिवसच मोजके आहेत. ‘सुट्टीत गाडीत जागा मिळत नाही’ असे कोणी म्हणतात. परंतु 2024 सालच्या 1 नोव्हेंबरपासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली आहे. दोन महिने आधी ज्यास तारीख ठरविता येते, त्यास बहुधा सुट्टीतही जागा मिळते. सुट्टीत भाडे अधिक पडते, हे मात्र खरे. तेव्हा पुष्कळ वेळा प्रश्न सवडीचा नसून बचतीचा असतो. बचत करणे हा गुणच आहे. पण पैशाची बचत करताना दुसरे काय खर्ची पडते, तेही पाहिले पाहिजे.

काय खर्ची पडते? एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी सातवीतील एक मुलगा आईबापांबरोबर दहा दिवस दक्षिणेकडे गेला. मुलगा हुशार, हसरा, हात वर करण्यात पहिला. त्याच दहा दिवसांत वर्गात समीकरणांस आरंभ झाला. तो परत आला तेव्हा त्याच्या खिशात शंखशिंपले होते व तोंडात गोष्टी होत्या. साऱ्या वर्गाने त्या कौतुकाने ऐकल्या. त्याने मित्राच्या वहीतून दहा दिवसांचे सगळे लिहूनही घेतले. तथापि वही पूर्ण झाली म्हणजे पाठ समजला असे होत नाही. पुढे फळ्यावर ‘क्ष’ आला की त्याचा हात वर येईना. मला हे उमजण्यास महिना लागला. चूक त्याच्या वडिलांची जितकी, तितकीच माझी होती. पाठ्यक्रम पुढे न्यावयाचा या घाईत मी त्याच्या बाकापाशी थांबलो नाही. गाडी चुकलेल्या प्रवाशास दुसरी गाडी मिळते. वर्गातील मुलास मात्र तीच गाडी धावत जाऊन पकडावी लागते आणि आम्ही शिक्षक पुष्कळदा ती थांबवीत नाही. थांबविली तर उरलेली पन्नास मुले खोळंबतात.

येथवरची गोष्ट कोणीही शिक्षक सांगेल. परंतु ज्या एका प्रसंगाने मला हा लेख लिहावयास लावले, तो निराळा आहे.

आपल्या शाळेत पाड्यांवरून पायी येणारी मुले आहेत. जुलैत आवणी लागली की त्यांतील काही मुले येईनाशी होतात. आईबाप चिखलात उभे राहून रोपे लावतात आणि थोरली मुलगी घरी धाकट्यास सांभाळते. दिवाळीनंतर काही कुटुंबे ठाणे-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. अशीच एक मुलगी आवणीच्या दिवसांत आठवडाभर आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. शिक्षणाचे महत्त्व, वाया जाणारे दिवस, पुढची परीक्षा, सारे मी तिच्या बापास समजावून सांगितले. तो पाय धुऊन नुकताच ओट्यावर बसला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “गुरुजी, पेठेतल्या पोराला मजा कराया रजा भेटती, अन् माझी पोर पोटासाठी राहिली तर तुम्ही दारात येता.”

त्यास मी उत्तर देऊ शकलो नाही. परत येताना पावसात सारी वाट मी उत्तर शोधीत होतो, ते सापडले नाही. हजेरीपटात दोन्ही मुलांपुढे मी एकच अक्षर लिहितो, ‘गै’. पण एका ‘गै’वर मी चिठ्ठी घेऊन हसतमुखाने सही करतो आणि दुसऱ्या ‘गै’साठी उपदेश करावयास जातो. ज्या गावात खाऊनपिऊन सुखी असलेली कुटुंबे शाळेचे दिवस हलके लेखतात, त्या गावात गरिबाने ते मोलाचे मानावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? मुलास शाळेतून काढून सहलीस नेणाऱ्या पालकास वाटते की हा आपल्या घरचा प्रश्न आहे. तो तसा नाही. त्या चिठ्ठीचे वाचन साऱ्या गावात होते.

शाळेत मुलांना आणणे हे या महाराष्ट्रात सहजासहजी घडलेले नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात 1893 साली अमरेली भागात प्रयोग करून 1906 साली ते सर्व संस्थानात सक्तीचे केले. नामदार गोखल्यांनी 1911 साली त्याच हेतूने विधेयक मांडले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी 1917 साली करवीरात सक्तीचा हुकूम काढला. साऱ्या देशास तो हक्क कायद्याने मिळावयास 2009 साल उजाडावे लागले. जे मिळविण्यास सव्वाशे वर्षे लागली, त्यातील आठ दिवस स्वस्त तिकिटासाठी सोडून देताना क्षणभर थांबावे, इतकेच माझे म्हणणे.

मग दंड करावा काय? इंग्लंडात तसे करतात. तेथील वाइट बेटावरील एका गृहस्थाने 2015 सालच्या एप्रिलात आपल्या मुलीस शाळेची परवानगी नसता सात दिवस अमेरिकेत फ्लोरिडास सहलीला नेले. दंड झाला, तो त्याने भरला नाही. खालची न्यायालये त्याच्या बाजूची होती. पण सर्वोच्च न्यायालयाने 2017 सालच्या 6 एप्रिलला निकाल दिला की, नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी. एरवी मूल किती दिवस हजर होते, हा प्रश्न नाही. 2024 सालच्या ऑगस्टपासून तेथे हा दंड 80 पौंड आहे व वेळेत न भरल्यास 160 पौंड होतो. मला हा मार्ग पसंत नाही. सुट्टीतील वाढीव भाड्यापेक्षा दंड कमी असला, तर सधन मनुष्य दंडास तिकिटाचाच एक भाग समजतो. गरिबास मात्र तो शिक्षा होतो. आपल्या 2009 च्या कायद्याने मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण त्यासाठी पालकास दंड ठेवलेला नाही. हे मला योग्य वाटते. कर्तव्य दंडाने नव्हे, समजुतीने अंगी मुरते.

सबब पालकांस चार गोष्टी नम्रपणे सुचवितो. पहिली, प्रवासाचा बेत दीर्घ सुट्टीत बसतो काय, हे आधी पाहावे. दुसरी, बसतच नसेल तर तिकिटे काढण्यापूर्वी वर्गशिक्षकास विचारावे. तिकिटे काढल्यानंतरची चिठ्ठी ही विनंती नसून सूचना असते. रविवारास जोडून घेतलेले दोन दिवस आणि सत्रारंभाचे दहा दिवस यांत पुष्कळ अंतर आहे. तिसरी, घरातील मृत्यू, आजार, जवळच्या नात्यातील विवाह, दूरच्या गावी शेवटच्या भेटीची वाट पाहणारी आजी यांसाठी मुलास अवश्य न्यावे. त्याबद्दल कोणी संकोच करू नये. अशा वेळी घरापासून मूल दूर ठेवणे हीच त्याची हानी होय. चौथी, खोटे कारण लिहू नये. मूल ते वाचते.

शाळेसही काही सांगणे आहे. स्कॉटलंडात बटाटे काढण्याच्या हंगामात शाळांस सुट्टी देत, आणि तेथील ऑक्टोबरातील सुट्टीस अजूनही बटाट्यांची सुट्टी म्हणतात. आपल्याकडे आवणी व सोंगणी हेच खरे हंगाम. सुट्ट्यांचे जे थोडे दिवस शाळेच्या हाती असतात, ते या हंगामांकडे पाहून ठरविता येतील काय, याचा शाळा समितीने पालकांसह विचार करावा. आणि आम्ही शिक्षकांनी, मूल कोणत्याही कारणाने मागे राहिले असो, परत आल्यावर त्याच्यासाठी वेगळा वेळ काढला पाहिजे. त्यातही ज्याला मागे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याच्यासाठी आधी.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एकच सांगतो. तिकिटे तुम्ही काढीत नाही, हे मी जाणतो. पण ‘या आठवड्यात नवा पाठ सुरू होणार आहे’ असे घरी सांगणे तुमच्या हाती आहे. पुष्कळ पालकांस ते ठाऊकच नसते.

यंदाच्या चिठ्ठ्यांपैकी एकीची हकीकत सांगून पुरे करतो. मी त्या पालकांस शाळेत बोलावून वरील सर्व सांगितले. तिकिटे आधीच काढलेली होती. ते थोडे ओशाळले, आणि गेले. आठ दिवसांनी मुलगा आला, तेव्हा शाळा सुटल्यावर मी त्यास व्हरांड्यात बसविले. आवणीत मागे राहिलेली ती मुलगी तेथे आधीपासूनच बसत होती. तिच्या पाटीवर अपूर्णांक होते, त्याच्या वहीत समीकरणे. तिसऱ्या दिवशी त्याने तिला विचारले, “तू कुठे गेली होतीस?” ती म्हणाली, “कुठं नाय. घरीच.” मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी मला दूरध्वनी करून पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी केव्हा मिळेल, असे विचारले.

ती यादी जूनमध्ये शाळा उघडताच सूचनाफलकावर लागेल. पालकांनी ती अवश्य उतरून घ्यावी.