गोलाईची पेठ आणि आपले कर्तव्य

दिवाळी जवळ आली म्हणजे मुरुडच्या घराघरांत एके काळी एकच प्रश्न विचारला जाई : लातूरला कापडास केव्हा जावयाचे? १९११ साली लातूरला पोहोचलेली बार्शी लाइटची चिमुकली गाडी मुरुडकरांना त्या पेठेच्या दारी नेऊन सोडीत असे. आज तीच वस्तू दूरध्वनीच्या पडद्यावर बोट टेकताच घरपोच येते. सोय झाली, हे कोण नाकारील? परंतु सोयीबरोबर काय हरपत आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मुंबईच्या हॉर्नबी रोडवर व्हाइटअवे लेडलॉचे भव्य दुकान होते. एका छताखाली नाना वस्तू मांडण्याची ती विलायती रीत. तेथे साहेबी श्रीमंतीचा थाट होता. लातूरने मात्र छतावाचूनच तशी सोय साधली होती. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी १९१७ साली आखलेल्या गोलाईच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे आणि तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याच्या दागिन्यांपासून पादत्राणांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सारे काही त्या रस्त्यांवर मांडलेले! शेतकरी, वकील, मास्तर आणि नववधू एकाच गर्दीतून वाट काढीत. दुकानदार ठाणामागून ठाण उलगडी, चहा मागवी आणि घरच्या वडीलधाऱ्यांची विचारपूस करी. खरेदी हे निमित्त. भेटीगाठी हेच खरे पर्व.

तथापि, गतकाळाची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. वहीतील उधारी विश्वासाची असे, तशीच कित्येकांच्या गळ्यातील फासही असे. दुकानाच्या गादीवर बसण्याचा मान सर्वांच्याच वाट्याला आला नाही. गिऱ्हाइकाचा वेष पाहून भाव सांगणारेही थोडे नव्हते. आज वेष्टनावर छापलेली किंमत श्रीमंतास व गरिबास सारखीच दिसते, ही प्रगतीच होय. ती सोडून मागे फिरा, असे कोणता शहाणा सांगेल?

परंतु घरी आलेल्या पुडक्याबरोबर शेजारी येत नाही. ज्या ठिकाणी सर्व थरांतील माणसे सहज एकमेकांस भेटतात, ते ठिकाण ओस पडले तर नगर म्हणजे केवळ घरांचा समूह उरेल. गोलाई आपोआप उगवली नाही. कोणी तरी दूरदृष्टीने ती आखली. मग तिचे रक्षण तेवढे आपोआप व्हावे, ही अपेक्षा कोठली?

लातूरला २०११ पासून महानगरपालिका आहे. सायंकाळी काही रस्ते वाहनांवाचून मोकळे ठेवणे, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये, पिण्याचे पाणी, वृद्धांना टेकावयास बाक आणि फेरीवाल्यांना निश्चित जागा, एवढी व्यवस्था तिच्या आवाक्याबाहेरची खासच नाही. व्यापाऱ्यांनीही एकच भाव सांगावा आणि नापसंत वस्तू कपाळाला आठ्या न घालता परत घ्यावी. आणि आम्ही सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी? पेठ मोडली म्हणून हळहळावयाचे आणि दिवाळीचे कापड मात्र पडद्यावरून मागवावयाचे, हा दुटप्पीपणा सोडावा. हीच गोष्ट मुरुडच्या पेठेसही लागू आहे.

आठवणींनी पेठा जगत नाहीत, पावलांनी जगतात. यंदा ती पावले कोणत्या वाटेने वळणार, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.